शेळी सगळ्यात शेवटी आणा: छोट्या शेळीपालनाची पहिल्या दिवसापासूनची मांडणी

शेळीपालन करायचं ठरलं की बहुतेक जण पहिल्यांदा जनावर बघायला निघतात. दोन-चार शेळ्या नजरेत भरतात, सौदा होतो, संध्याकाळी त्या दारात उभ्या असतात. मग यांना बांधायचं कुठं, सकाळी खायला काय घालायचं, डॉक्टर कुठला बोलवायचा, अशी धावपळ सुरू होते. माझी सुरुवात अशीच झाली. पहिलं वर्ष चारा विकत आणण्यात गेलं आणि पावसाळ्यात तीन करडं गेली. त्यांना काय झालं होतं ते मला त्या वेळी कळलंही नाही. आज कळतं, म्हणून हा लेख लिहितो आहे. क्रम एकच आहे: आधी चारा, मग गोठा, आणि शेळी सगळ्यात शेवटी. हौस म्हणून दोन-तीन शेळ्या पाळणारा असो किंवा वीस शेळ्यांचा जोडधंदा करणारा, दोघांनाही हाच क्रम लागू पडतो.

किती शेळ्या, आणि कशासाठी

एकटी शेळी पाळू नका. ते कळपातलं जनावर आहे. एकटं पडलं की दिवसभर ओरडतं, खाणं कमी करतं आणि कुंपणात फट शोधत राहतं. कमीत कमी दोन हव्यातच. धंदा करायचा असला तरी पहिल्या वर्षी पाच-सहा माद्यांच्या वर जाऊ नका. उन्हाळा, पावसाळा, हिवाळा, एक वेत आणि एक विक्री, एवढं सगळं एकदा हाताखालून गेलं की कळप वाढवायचा, आणि तोही शक्यतो घरच्याच पाठी, म्हणजे तरुण माद्या, ठेवून.

जात निवडताना फोटोंना भुलू नका. स्वित्झर्लंडची सानेन दुधासाठी जगभर गेली, दक्षिण आफ्रिकेची बोअर मांसासाठी. जमुनापारी आणि बीटल उंच, दुधाळ. उस्मानाबादी काटक आणि जुळी देणारी. प्रत्येकीचे गुण खरे आहेत, पण ते ती जिथं घडली त्या हवेत आणि त्या चाऱ्यावर दिसतात. तुमच्याकडच्या उन्हा-पावसात पिढ्यान्‌पिढ्या तगलेली, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या दावणीला असलेली जात पहिल्या कळपासाठी सगळ्यात बरी. तिला काय होतं आणि काय मानवतं, हे विचारायला आसपास माणसं असतात. नवख्यासाठी ही फार मोठी गोष्ट आहे.

चारा: शेळीच्या सहा महिने आधी

आता हिशोब. शेळीला दिवसाला तिच्या वजनाच्या ३ ते ४ टक्के सुका घटक लागतो, भरपूर दूध देणारीला ५ टक्क्यांपर्यंत. सुका घटक म्हणजे चाऱ्यातलं पाणी वगळून उरतं ते. हिरव्या चाऱ्यात चारातले तीन भाग, कधी त्याहूनही जास्त, पाणीच असतं. त्यामुळे ३० किलोच्या शेळीला साधारण ३ किलो हिरवा चारा, ३०० ग्रॅम कोरडा चारा आणि १५० ते २०० ग्रॅम खुराक, म्हणजे धान्य-पेंडीचं खाणं, धरायचं. दहा शेळ्यांना रोज ३० किलो हिरवं म्हणजे वर्षाला जवळजवळ ११ टन. त्यात करडांचं खाणं आणि पायदळी तुडवून वाया जाणारं मिळवलं तर १३-१४ टनांवर आकडा जातो. हा आकडा तुमच्या जमिनीतून निघतो का, ते आधी कागदावर बघा. निघत नसेल तर शेळ्या कमी करा. विकतच्या चाऱ्यावर कळप जगवता येतो, त्यातून पैसा उरत नाही.

शेळी गाय-मेंढीसारखी खाली मान घालून चरणारी नाही. तिला मान वर करून, मागच्या पायांवर उभं राहून पाला ओरबाडायला आवडतं. म्हणून नुसतं गवत लावून भागत नाही. बांधावर, कुंपणाला शेवरी, हादगा, तुती, सुबाभूळ लावा. ही झाडं हाताशी यायला वेळ लागतो, तो वेळ शेळी येण्याआधीच खर्च झालेला बरा. सुबाभळीत मिमोसिन नावाचं द्रव्य असतं, त्यामुळे एकूण चाऱ्यात तिचा वाटा एक तृतीयांशाच्या वर नेऊ नका. लसूणघास उत्तम, पण कोवळा, ओला आणि उपाशी पोटी घातला तर पोट फुगतं. सकाळी कापून काही तास सुकू द्या आणि आधी कोरडा चारा घाला, मग लसूणघास.

काही गोष्टी गोठ्याच्या आसपाससुद्धा नकोत. कण्हेरीची थोडी पानं शेळी मारायला पुरतात. छाटणीच्या दिवशी कुंपणाबाहेर फेकलेली कण्हेर हे अपघाताचं नेहमीचं कारण आहे, कारण सुकलेली पानंही तितकीच विषारी असतात. कोवळ्या ज्वारीत, विशेषतः पाण्याचा ताण पडून खुरटलेल्या किंवा कापणीनंतर नव्यानं फुटलेल्या ज्वारीत, सायनाइडचं विष तयार होतं. पीक फुलोऱ्यात आल्यावरच कापा. घाणेरी, धोतरा, एरंडाच्या बिया हेही लांबच ठेवा. भरल्या पोटाची शेळी विषारी पाला सहसा टाळते. भुकेली असली की काहीही खाते. म्हणून नव्या रानात सोडण्याआधी घरी थोडं खाऊ घालायचं.

गोठा कोरडा आणि हवेशीर

शेळीला थंडी सोसते, ओल सोसत नाही. गोठ्यासाठी पाणी न साठणारी उंचवट्याची जागा निवडा. छप्पर असं असावं की तिरका पाऊस आत येणार नाही, आणि भिंती अशा की शेळीच्या उंचीवर झोत लागणार नाही पण वरून हवा खेळती राहील. मोठ्या शेळीला आत १० ते १२ चौरस फूट, करडाला ४ ते ५, बोकडाला २० ते २५ आणि बाहेर फिरायला याच्या दुप्पट जागा, एवढं मोजमाप पुरतं.

गोठा बरा आहे की नाही हे उभं राहून कळत नाही. भल्या पहाटे, झाडण्याआधी, आत जाऊन खाली बसा. तुमचं नाक शेळीच्या नाकाच्या उंचीवर येऊ द्या. डोळे चुरचुरले, मुताचा उग्र दर्प नाकात गेला, तर त्या हवेत रात्रभर बसणाऱ्या करडांची छाती भरणार हे नक्की. उपाय साधे आहेत: खालची ओली लेंडी काढा, कोरडं अंथरूण घाला, छपराखाली हवेला वाट करा. ज्यांना जमेल त्यांनी फळ्यांचा उचललेला मजला करावा. फटीतून लेंडी खाली पडली पाहिजे, पण करडाचं खूर अडकता कामा नये.

गव्हाण जमिनीपासून उंच बांधा आणि तिच्यात फक्त डोकं आत जाईल अशी सोय करा. जमिनीवर टाकलेला, तुडवलेला चारा शेळी खात नाही, असा माझा आणि सगळ्यांचाच अनुभव आहे. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं: लेंडी चाऱ्यात मिसळली नाही की जंतांची साखळी तिथंच तुटते. पाण्याचंही तेच. मोठी शेळी दिवसाला चार-सहा लिटर पिते, दुभती असेल आणि ऊन असेल तर त्याहून बरंच जास्त. पाण्यात एक लेंडी पडलेली दिसली तरी ती तोंड लावत नाही, म्हणून भांडं दिवसातून दोनदा धुवायचं.

कुंपण किमान चार फूट उंच, जाळीचं, आणि खालच्या बाजूला पक्कं असावं. जाळीचे चौकोन एक तर इतके बारीक हवेत की डोकं जाणारच नाही, किंवा इतके मोठे की गेलेलं डोकं शिंगांसकट परत येईल. मधल्या मापाच्या जाळीत शेळ्या गळा अडकून मरतात.

आता शेळी बघायला जा

बाजारापेक्षा एखाद्याच्या गोठ्यावरून घेतलेली शेळी बरी. तिथं तिची आई दिसते, बहिणी दिसतात, बाकीचा कळप दिसतो. बाजारात दहा गावची जनावरं एकत्र येतात आणि रोगही एकत्र येतात.

आधी लांबून बघा. लंगडते का, कळपापासून बाजूला उभी आहे का, शेपटीखाली हगवणीचे डाग आहेत का? मग जवळ जा. तोंड उघडून खालचे दात बघा, कारण शेळीला वरच्या बाजूला पुढचे दात नसतातच. खाली आठ दुधी दात असतात. मधली जोडी बदलली की दोन दाती, म्हणजे वय साधारण सव्वा वर्ष. चार दाती दोनच्या आसपास, सहा दाती तीनच्या आसपास, आणि आठही बदलले की चार वर्षांच्या घरात. दात झिजलेली किंवा पडलेली शेळी कितीही स्वस्त मिळाली तरी नको, तिला चारा तोडता येत नाही. पहिल्या कळपासाठी एक-दोन वेतं झालेली, चार दाती शेळी मला सगळ्यात पसंत. वेताचा अनुभव तिला असतो, तुम्हाला नसतो.

कास दोन्ही हातांनी चाचपा. मऊ, सारखी, गाठ नसलेली हवी. एका बाजूला दगडासारखा कठीण भाग लागला तर आधी दगडी, म्हणजे कासेची सूज, होऊन गेली आहे, त्या सडाला दूध येणार नाही. मग खालची पापणी हलकेच ओढून आतला रंग बघा: लालबुंद किंवा गुलाबी हवा. पांढुरका असेल तर रक्त कमी आहे, बहुधा जंतांमुळे.

बोकडावर मात्र कंजूषी करू नका. वीस-पंचवीस माद्यांना एक पुरतो आणि निम्मा कळप त्याचाच असतो. दोन्ही अंड सारखे आणि भरलेले, पाय सरळ, जबडा वर-खाली जुळणारा, आणि जुळ्यातला असेल तर उत्तम. एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही: बिनशिंगी शेळीला बिनशिंगी बोकड लावू नका. जन्मतः शिंगं नसण्याचा गुण आई आणि बाप दोघांकडून आला तर मादी करडं नर-मादी दोन्हींची लक्षणं घेऊन, वांझ जन्मू शकतात. दोघांपैकी एकाला शिंगं असली की हा धोका राहत नाही. आणि साधारण दोन वर्षांनी बोकड बदला, नाहीतर तो स्वतःच्याच मुलींवर जाईल.

पहिले तीस दिवस वेगळे

नवी शेळी कितीही निरोगी दिसली तरी घरच्या कळपात लगेच सोडायची नाही. किमान तीन आठवडे, शक्यतो महिनाभर वेगळ्या जागी, वेगळ्या भांड्यात खाणं-पिणं. आधी घरच्या शेळ्यांचं करा, मग नव्यांकडे जा, उलट नको. या काळात लेंडी तपासून घ्या, जंताचं औषध द्या आणि चारा हळूहळू बदला. जुन्या मालकाकडून आठवड्याचा चारा मागून घ्या आणि दर दोन दिवसांनी त्यात तुमचा वाटा वाढवत न्या. शेळीच्या पोटाला चार कप्पे असतात, त्यातल्या पहिल्या आणि मोठ्या कप्प्यात, म्हणजे कोठीपोटात, चारा पचवणारे अब्जावधी सूक्ष्मजीव असतात. चारा बदलला की त्यांची जमवाजमवही बदलावी लागते, आणि त्याला आठ-दहा दिवस लागतात. चारा एकाएकी बदलला की शेळी खाणं सोडते, पातळ हगते, आणि माणसाला वाटतं प्रवासात नजर लागली.

रोजची पाच मिनिटं

खुराक, औषधं, लसी या सगळ्यांच्या वर मी रोज सकाळच्या पाच मिनिटांना मानतो. गव्हाणीत चारा टाकला की हातातलं काम बाजूला ठेवून नुसतं बघत उभं राहायचं. कोण धावत आली, कोण मागे राहिली, कोणी तोंड घालून काढून घेतलं? डावी कूस भरलेली आहे की खोल गेली आहे? दुपारी बसल्यावर निम्म्याहून अधिक शेळ्या रवंथ करताना दिसल्या पाहिजेत. शंका आली तर डाव्या कुशीत मूठ दाबून धरा. मिनिटात एक-दोनदा आतून हलकी लाट मुठीला उचलते. ती लागली नाही तर पोट थांबलेलं आहे. मग थर्मामीटर लावा: ३८.५ ते ३९.५ अंश सेल्सिअस हे शेळीचं नेहमीचं तापमान. ४० च्या वर ताप, आणि ३८ च्या खाली आलं तर जास्तच चिंता.

डावी कूस ढोलासारखी ताणली, शेळी पाय आपटते, दात खाते, तर ती पोटफुगी आहे. पुढचे पाय उंचवट्यावर घेऊन उभी करा, कूस चोळा, चालवा आणि तातडीनं डॉक्टर बोलवा. तोंडातून तेल पाजायचं असेल तर डोकं वर न ओढता, अगदी थोडं थोडं पाजा. श्वासनलिकेत गेलं तर फुप्फुसाला सूज येते. धान्याच्या पोत्यात तोंड घातलेल्या शेळीचं प्रकरण वेगळं. तिच्या पोटात आम्ल वाढतं आणि काही तासांत ती कोसळू शकते, तिथं घरगुती उपायांत वेळ घालवू नका. धान्याच्या खोलीला पक्की कडी हवी ती यासाठीच.

खनिज मिश्रण शेळ्यांचंच आणा. मेंढ्यांना तांबं लवकर बाधतं म्हणून त्यांच्या मिश्रणात ते टाळलेलं असतं, शेळीला मात्र तांबं लागतं. खच्ची केलेल्या नरांना धान्य बेतानं द्या, त्यांना मूतखडा होतो आणि मूत अडलं की एक-दोन दिवसांत खेळ संपतो. खुरं दीड-दोन महिन्यांनी छाटायची, पावसानंतर सोपं जातं कारण ती मऊ असतात.

जंत: इथं सगळ्यात जास्त लक्ष द्या

माझी तीन करडं जंतांनी गेली. त्यांना हगवण नव्हती, म्हणून मला जंतांची शंका आली नाही. चूक इथंच होते. शेळीचा सगळ्यात घातक जंत, हिमोंकस, चौथ्या पोटात बसून रक्त पितो. हगवण लागत नाही. जनावर फिकं पडतं, मागे राहतं, जबड्याखाली पाण्याची मऊ थैली लोंबते आणि एके सकाळी उठत नाही.

याचं चक्र समजून घेतलं की निम्मं काम होतं. मादी जंत दिवसाला हजारो अंडी घालते, ती लेंडीतून बाहेर पडतात. उबदार, ओल्या हवेत आठवड्याभरात त्यांच्या अळ्या तयार होतात आणि दंवाच्या, पावसाच्या ओलीतून गवताच्या पात्यावर चढतात. बहुतेक अळ्या जमिनीपासून चार-पाच सेंटिमीटरच्या आतच असतात. यातून चराईचे नियम आपोआप निघतात. गवत १० सेंटिमीटरच्या खाली आलं की शेळ्या तिथून काढा. दंव उतरल्यावरच सोडा. एका तुकड्यावर चार-पाच दिवसांपेक्षा जास्त ठेवू नका आणि चरून झालेला तुकडा जितका जास्त दिवस रिकामा ठेवता येईल तितका ठेवा. झाडपाला खाणाऱ्या शेळीला जंत कमी होतात, कारण तिचं तोंड जमिनीपासून लांब असतं. बांधावरची शेवरी इथंही कामाला येते.

आता औषध. दर तीन महिन्यांनी सगळ्या कळपाला एकच औषध पाजण्याची जुनी पद्धत सोडून द्या. त्यानं औषधाला न जुमानणारे जंत तेवढे मागे उरतात आणि काही वर्षांत ते औषध पाणी होऊन जातं. दक्षिण आफ्रिकेत यासाठी फमाचा नावाची पद्धत निघाली. पापणीच्या आतला रंग एका तक्त्याशी ताडून बघायचा: १ म्हणजे लाल, ५ म्हणजे पांढरा. ४ आणि ५ ला औषध, ३ ला करडू किंवा गाभण शेळी असेल तर औषध, बाकीच्यांना नाही. पावसाळ्यात दर दोन आठवड्यांनी प्रत्येक शेळीची पापणी बघा, एकीला अर्धं मिनिटही लागत नाही. पुन्हा पुन्हा फिकट पडणाऱ्या शेळ्या मोजक्याच असतात, पण रानात बहुतांश अंडी त्याच टाकतात. अशीची पाठ पैदाशीला ठेवू नका. हे लक्षात घ्या की गोचीड आणि यकृतातला चपटा जंतही रक्त कमी करतात, आणि ही पद्धत फक्त रक्त पिणाऱ्या जंतांपुरती आहे. वर्षातून दोन-तीनदा लेंडीची तपासणी करून घेणं म्हणूनच सुटत नाही.

मात्रा वजनावर ठरते, आणि डोळ्यांचा अंदाज बहुतेक वेळा कमी पडतो. काटा नसेल तर टेप घ्या. पुढच्या पायांमागून छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या हाडापर्यंत लांबी, दोन्ही इंचांत. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०, हे झालं किलोत वजन. घेर २८ आणि लांबी २५ असेल तर जवळपास ३० किलो. कित्येक जंतनाशकं शेळीच्या शरीरातून मेंढीपेक्षा लवकर बाहेर पडतात, त्यामुळे बाटलीवरची मेंढीची मात्रा शेळीला कमी पडू शकते. नेमकी मात्रा पशुवैद्यकाकडून लिहून घ्या, आणि औषधानंतर दूध व मांस किती दिवस वापरायचं नाही, तेही त्याच कागदावर लिहून घ्या.

लसी

हा भाग छोटा आहे, कारण इथं डोकं चालवायचं नसतं, तारीख पाळायची असते. पीपीआर हा शेळ्या-मेंढ्यांचा जीवघेणा विषाणूजन्य रोग, त्याची लस करडाला तीन-चार महिन्यांचं झाल्यावर, मग तीन वर्षांनी. हा रोग पहिल्यांदा १९४२ मध्ये पश्चिम आफ्रिकेत नोंदला गेला, आणि २०३० पर्यंत तो जगातून संपवण्याचं उद्दिष्ट जागतिक संस्थांनी ठेवलं आहे, ते याच एका लशीच्या भरवशावर. आंत्रविषाराची (आतड्यातल्या जिवाणूंच्या विषानं होणाऱ्या रोगाची) पहिली लस दिल्यावर तीन-चार आठवड्यांनी दुसरी मात्रा लागते, मग वर्षाला एक, पावसाळ्याआधी. घटसर्प, लाळ्या-खुरकूत, देवी या लसी तुमच्या भागात कोणता रोग येतो त्यावर ठरतात, डॉक्टरांना विचारा. लस बर्फावरच आणायची, ताप असलेल्या किंवा दमलेल्या जनावराला द्यायची नाही.

माज आणि गाभणकाळ

पाठ वयापेक्षा वजनावर भरवा, म्हणजे बोकड लावा: जातीच्या पूर्ण वजनाच्या ६५-७० टक्के झाल्यावर. लहान भरवलेली पाठ स्वतः खुरटते आणि करडूही खुरटं देते. माज दर १८ ते २२ दिवसांनी येतो आणि एक-दोन दिवस टिकतो. शेपटी सारखी हलवणं, ओरडणं, दुसऱ्या शेळीवर चढणं, योनीतून चिकट स्राव, या खुणा. भरवण्याआधी दोन-तीन आठवडे रोज २०० ग्रॅम खुराक वाढवला तर जुळी मिळण्याची शक्यता वाढते. भरवल्याची तारीख त्याच दिवशी लिहा. त्यात १५० दिवस मिळवले की वेताची तारीख निघते, पाच-सहा दिवस इकडे-तिकडे.

पोटातल्या करडाची जवळपास ७० टक्के वाढ शेवटच्या सहा आठवड्यांत होते. नेमकं याच वेळी फुगलेल्या गर्भाशयानं पोटात जागा कमी होते आणि शेळी कमी खाते. म्हणून या काळात चारा उत्तम प्रतीचा, थोडा थोडा, वारंवार, आणि खुराक हळूहळू वाढवत ३०० ते ४०० ग्रॅमपर्यंत न्यायचा. जुळी-तिळी पोटात असलेली शेळी या टप्प्यावर उपाशी राहिली तर शरीरातली चरबी जाळायला लागते, रक्तात विष चढतं, ती सुस्त होते, नजर हरवते आणि खाली बसते. एक वेळचं खाणं सोडलं तरी डॉक्टरांना फोन करा. दुभती असेल तर वेताच्या दोन महिने आधी दूध आटवा. आणि महिनाभर आधी आंत्रविषाराची वर्षाची मात्रा द्या, म्हणजे तिची ताकद चिकातून, म्हणजे वेतानंतरच्या पहिल्या घट्ट दुधातून, करडाला मिळेल.

वेताची रात्र

शेपटीच्या दोन्ही बाजूंचे दोरीसारखे पट्टे वेताच्या आदल्या दिवशी इतके मऊ होतात की बोटांना लागेनासे होतात. कास ताणून चकाकते. शेळी कोपरा धरते, पायानं जमीन उकरते, पोटाकडे वळून हलक्या आवाजात बोलते. तो आवाज ती एरवी कधी काढत नाही. तिला स्वच्छ कोरड्या अंथरुणावर वेगळी घ्या आणि लांब बसा.

आधी पाण्याची पिशवी येते, मग दोन पिवळट मऊ खुरं आणि त्यांच्यावर टेकलेलं नाक. असं दिसलं की हात लावू नका. दोन्ही मागचे पाय आधी आले तरी करडू येतं, फक्त लवकर बाहेर यायला हवं. एकच पाय, नुसतं डोकं, नुसती शेपटी, किंवा जोराच्या कळा अर्धा तास देऊनही काहीच पुढे सरकत नाही, असं झालं तर तो डॉक्टरांचा मामला.

करडू बाहेर आलं की नाका-तोंडावरचा चिकट पडदा स्वच्छ कापडानं पुसा आणि त्याला आईच्या तोंडाजवळ ठेवा. ती चाटते तेव्हा त्याचं अंग कोरडं होतं, रक्त फिरतं आणि ओळख पटते, हे काम तिच्याकडून काढून घेऊ नका. नाळ कडक टिंक्चर आयोडीनमध्ये पूर्ण बुडवा. मग दोन्ही सडांतून एक-एक धार जमिनीवर काढा. सडाच्या तोंडाशी मेणासारखं बूच असतं, ते निघालं नाही तर करडू चोखत राहतं आणि पोटात काहीच जात नाही. लांबून मात्र वाटतं, पितंय.

पहिला चीक तासा-दोन तासांत पोटात गेलाच पाहिजे. करडू जन्मतं तेव्हा त्याच्या रक्तात रोगाशी लढायची शक्ती नसते. ती चिकातून मिळते, आणि ती शोषून घेणारी आतड्याची दारं तासागणिक बंद होत जातात. पहिल्या चोवीस तासांत वजनाच्या दहा टक्के चीक हवा, अडीच किलोच्या करडाला २५० मिली, चार-पाच वेळांत. ज्या शेळीला चीक जास्त असेल तिचा थोडा गोठवून ठेवा. वापरताना कोमट पाण्यात विरघळवा, उकळला तर त्यातलं मोलाचं तेच मरतं.

करडू मलूल असेल तर त्याच्या तोंडात बोट घाला. तोंड गार लागलं तर आधी ऊब, मग दूध. गारठलेल्या करडाच्या पोटात दूध पचत नाही. कोरडं करून, कापडात गुंडाळून, कोमट पाण्याच्या बाटल्या बाजूला ठेवून तोंड गरम लागेपर्यंत थांबा. वार (जार) बारा तासांत पडते. लोंबत असेल तर ओढू नका, बारा तास उलटले तर डॉक्टर.

करडांचे तीन महिने

दुसऱ्या आठवड्यापासून करडं कोवळा पाला तोंडात धरायला लागतात. तेव्हाच त्यांच्यासाठी मोठ्या शेळ्यांना जाता येणार नाही असा कोपरा करा आणि तिथं बारीक भरडा, पाला, पाणी ठेवा. कोठीपोट वाढतं ते याच खाण्यानं, दुधानं नाही. तिसऱ्या आठवड्यापासून पुढं रक्ती हगवणीचा धोका असतो. ती गर्दी आणि ओल यांतून येते, म्हणून करडांची जागा रोज कोरडी. दूध तारखेवर तोडू नका, वजनावर तोडा: जन्मवजनाच्या अडीच पट झालं असेल आणि भरडा मन लावून खात असेल तर अडीच-तीन महिन्यांत तोडायला हरकत नाही. तिसऱ्या महिन्यात नर वेगळे काढा, ते तोवर आपल्याच आई-बहिणींना भरवण्याइतके मोठे झालेले असतात. खच्चीकरण डॉक्टरांकडून, वेदनाशामक देऊन आणि धनुर्वाताची काळजी घेऊनच करा.

वही

प्रत्येक शेळीला बिल्ला आणि वहीत एक पान. भरवल्याची तारीख, वेत, करडं किती आणि वजन किती, औषध, लस, पापणीचा आकडा. एवढंच लिहायचं, पण त्याच दिवशी.

हिशोब मात्र एकाच आकड्यावर करा: दर शेळीमागे वर्षाला किती करडं दूध तोडण्यापर्यंत पोचली. पाच महिने गाभण आणि तीन महिने करडांचे धरले तर आठ महिन्यांनी वेत, म्हणजे दोन वर्षांत तीन. दहा शेळ्यांची वर्षाला पंधरा वेतं, वेताला सरासरी १.६ करडं म्हणजे चोवीस. त्यातली दहा टक्के गेली तर एकवीस-बावीस हाती लागतात, तीस टक्के गेली तर सतराच्या आत. चारा दोन्ही वेळेला आईंनी तेवढाच खाल्लेला असतो. खर्चाचा सगळ्यात मोठा वाटा चाऱ्याचा असल्यामुळे ही चार-पाच करडं म्हणजेच तुमचा नफा किंवा तोटा.

पहिलं वर्ष भरलं की सगळी पानं एकदा समोर घेऊन बसा. दोन्ही करडं वाढवणारी, पापणी लाल ठेवणारी, बिनबोभाट विणारी शेळी कोणती, ते नावानिशी दिसेल. तिच्याच पाठी ठेवा. जी दोनदा फिकी पडली, जिनं करडू जवळ घेतलं नाही, तिला पुढच्या पावसाळ्याआधी काढा, दिसायला ती कळपात सगळ्यात देखणी असली तरी.